आमच्या समाधानी ग्राहक

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कानाच्या मशीनच्या दुकानाची वेबसाइट सुरू झाली. साडेअकराला दुकानदाराचे वडील, आप्पा, दुकानात आले आणि पहिल्या पानावरच्या बाईंना भेटायचे म्हणाले.

आप्पांना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हते, पण मशीनला ते हात लावत नसत. गिऱ्हाइके विचारत, "घरच्या माणसाला पटत नाही, मग आम्ही का घ्यावं?"

"त्या बाई चांगलं म्हणाल्या तर आजच लावतो," आप्पा म्हणाले. "तुझं काय, तू विकतोस."

फोटो दुकानदाराच्या पुतणीने शोधला होता. फुकट वापरता येणाऱ्या फोटोंच्या साइटवर 'आजी, हसऱ्या' असे टाकल्यावर चारशे आज्या आल्या. ज्या एका आजींचे दात स्वतःचे वाटले, त्या तिने घेतल्या. दोन अटी काकाला वाचूनही दाखवल्या: खाली फोटोग्राफरचे नाव हवे, आणि फोटोतली व्यक्ती आपल्या मालाची तारीफ करते आहे असे भासवायचे नाही. काकाने नाव काढले. आपल्या दुकानात दुसऱ्याची पाटी कशाला? मग जागा रिकामी दिसू लागली म्हणून लिहिले, 'आमच्या समाधानी ग्राहक, दहा वर्षे.'

"दुकानच सहा वर्षांचं आहे, काका," पुतणी आप्पांसमोरच म्हणाली.

"हळू बोल!"

"आजोबांना कुठे ऐकू येतंय?"

दुकानदार आप्पांच्या कानाशी ओरडला, "त्या बाई परगावी असतात!"

"मग फोन लाव."

आप्पा खुर्चीत ठाण मांडून बसले. पुतणीने ती ओळ काढली, नाव परत टाकले आणि फोटोग्राफरला सगळे खरे लिहून माफी मागितली. तीन चाळीसला उत्तर आले: 'ती माझी आत्या. मशीन लाव म्हणून घरचे सगळे सांगून थकले. फोटो काढताना मी "हसू नकोस" म्हणत होतो, ते तिला ऐकू गेलं नाही.'

"हे आप्पांना दाखवू नकोस," दुकानदार म्हणाला. तोवर पुतणीने ते मोठ्या अक्षरांत छापून आजोबांच्या हातात दिले होते.

आप्पांनी दोनदा वाचले. "खोटारडा," ते मुलाला म्हणाले. मग कागदावर बोट ठेवून, "बाई शहाण्या दिसतात. बोलायचंय मला."

"आप्पा, त्यांना ऐकू येत नाही, तुम्हालाही नाही! बोलणार काय?"

"ओरडतोस कशाला? एक मशीन दे. फोनपुरतं."

पुतणीने विचारल्यावर, आत्या साडेपाचला फोन करतील, असे फोटोग्राफर भाच्याने कळवले. त्यांनी मशीन लावले आहे की नाही, हे त्याने लिहिले नव्हते. पाच सव्वीसला आप्पांच्या उजव्या कानात मशीन होते आणि ते मुलाला रस्त्याकडचे दार लावायला सांगत होते. बाहेर फार गोंगाट आहे म्हणे.