झॅकला दहाव्याचं बोलावणं

"ताई, रिप्लाय करू नका. मी ब्लॉक करते," तनया म्हणाली.

"थांब. अजून लिहितायत."

पडद्यावर शंभूच्या नावापुढे हिरवा ठिपका होता आणि खाली तीन टिंबं हलत होती. शंभू गेल्या आठवड्यात वारला होता. लिहीत होती त्याची आई. पण ठिपक्याला ते कुठलं कळायला!

सुरुवात एका आपोआप जाणाऱ्या निरोपानं झाली होती. जी मुलं काही दिवस पेजवर फिरकत नाहीत त्यांना 'कर्ब' शूजकडून निरोप जातो, 'कुठे गायब, ब्रो? तुझ्याशिवाय क्रू अधुरा!' तो शंभूला गेला. उत्तर आलं, 'शंभू आता नाही. मी त्याची आई कौशल्या. त्याले ये म्हणून नका लिहू.' आणि थोड्या वेळानं, 'तुम्ही झॅक ना?'

झॅक म्हणजे नीरजा.

खराडीतल्या या एजन्सीत स्केटशूजच्या पेजवर मुलांशी बोलायला झॅक बनवलेला होता. वय एकोणीस, गुडघे कायम फुटलेले, कोचिंग क्लासचा तिटकारा. नीरजा पन्नाशीला टेकलेली, वारज्याहून डबा घेऊन येणारी. तरी ऑफिसातल्या तरण्याताठ्या पोरांपेक्षा झॅक तिलाच चांगला जमायचा. यात नवल नव्हतं. कॉल सेंटर नवी नवी आली तेव्हा तिनं नॅन्सी होऊन अमेरिकेतल्या बायकांची बंद पडलेली वॉशिंग मशीनं वर्षानुवर्षं ऐकून घेतली होती. स्वतःच्या नावानं ती फक्त पगार घ्यायची.

"बूट विकायचा नाही," तनयानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "किमतीबद्दल तर बोलायचंच नाही. मैत्री करायची. बूट आपोआप जातात."

म्हणून मुलांकडून फाटक्या बुटांचे फोटो मागवायचे. कोण कुठे आपटला ते विचारायचं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी प्रश्न ठेवायचा, म्हणजे मुलगा परत येतोच. आणि 'आज स्केट पार्कात आहेस का?' असं कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर होतं, 'आत्ताच निघालो यार, चुकलास! पुढच्या रविवारी?'

शंभूला हे उत्तर कितीदा गेलं होतं ते मागे जाऊन बघायची नीरजाची छाती झाली नाही.

टिंबं थांबली. फोनसमोर बोलून लिहिलेला, कुठेही न थांबणारा मजकूर आला.

'दर रविवारी दोन बस बदलून तुम्हाले भेटाले जाय आमी हिंजवडीत राहतो लई दूर पडते म्या म्हटलं कशाले जातं तर म्हणे झॅक येणार आहे उद्या त्याचा दहावा आहे वाकडच्या घाटावर सकाळी तुम्ही या बाबू कावळा शिवला पाहिजे त्याची तेवढीच इच्छा राहिली'

तनयानं खांद्यावरून वाचलं. "ओ गॉड. ताई, हे प्लीज पर्सनली घेऊ नका. झॅक अशा ठिकाणी जाऊ शकत नाही. म्हणजे त्याला बॉडीच..." ती मध्येच थांबली आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली.

नीरजानं लिहिलं, 'कधी झालं?' ब्रो नाही, इमोजीचे चेहरे नाहीत.

'मांगच्या मंगळवारी क्लासहून येताना टँकर'

मंगळवार. रविवार नव्हता. नीरजाला सुटल्यासारखं वाटलं आणि मग बराच वेळ तिला स्वतःच्या त्या सुटण्याकडे बघवेना. मोबाइल पर्समध्ये टाकला तरी ठिपका डोळ्यांपुढे होताच. घरी कुकरची शिट्टी झाली तरी तिला वाटलं, काहीतरी आलं.

"कोण म्हणून जाणार तू?" श्रीधरनं पेपरातून मान वर न काढता विचारलं. "एकोणीस वर्षांचा मुलगा? मग दाढी करून जा."

"अहो, मला हसू येत नाहीये."

पेपर हळूहळू खाली आला.

"सकाळी त्या बाजूला रिक्षावाले मीटरनं येत नाहीत," तो म्हणाला. "मी सोडतो."

घाटाच्या पायऱ्यांवर चार-पाचच माणसं होती. डोकं भादरलेला माणूस गुरुजींसमोर बसला होता, तो शंभूचा बाप संपत. मागे एक बाई रस्त्याकडे तोंड करून उभी होती. बाइकवरून कुणी पोरगा आला की ती दोन पायऱ्या वर चढे. बाइक पुढे जाई. ती परत खाली.

झॅक आजारी आहे, झॅक परगावी आहे. नीरजानं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. तोंडी ते येईना.

"कौशल्याबाई? मी झॅककडून... नाही. झॅक मीच. असा मुलगा कुणी नाहीच. ऑफिसात बसून मीच लिहायची."

कौशल्यानं तिच्या पांढऱ्या केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं.

"तुम्ही?"

"हो."

"मंग त्या पार्कात कोणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं."

खाली गुरुजींचे मंत्र चालू होते. आता ही हाकलणार, असं नीरजाला वाटलं. तिनं तसं केलं असतं तर बरंच झालं असतं.

"माह्याबद्दल काही लिहे का थो?" कौशल्यानं विचारलं.

"लिहायचा. आई डब्यासाठी मागे लागते म्हणायचा."

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

झॅकनं अशा वेळी आयांची टिंगल करावी, असा नियम होता. "म्हटलं, ने की. भुकेल्या पोटी पडलास तर जास्त लागतं."

कौशल्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "तरीच," ती म्हणाली. "तरीच दिवाळीपासून डबा नेत होता."

पिंड मांडलेला होता. शेजारी शंभूचे बूट, साधे कॅनव्हासचे. बाजूला बॉलपेननं 'कर्ब'ची खूण काढून ती पुन्हा पुन्हा गिरवलेली. कावळे भिंतीवर होते. कौशल्यानं कानाशी काही सांगितल्यावर संपत हात जोडून म्हणाला, "पाह्य, आले तुहे झॅक. शिव आता, बापा." एक कावळा मान तिरकी करून भाताकडे बघत राहिला, मग उडून पलीकडच्या तारेवर बसला. ऊन चढलं. मागे दुसऱ्या घरचे लोक येऊन उभे राहिले.

"होतं असं कधी कधी," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "दर्भाचा करू." त्यांनी चार काड्या वळून गाठ मारली, चोच, शेपूट, झाला कावळा. संपतनं हात पुढे केला.

"यांच्या हाती द्या," कौशल्या म्हणाली.

"बाई, घरचं माणूस..."

"द्या म्हणते ना. थो यांचीच वाट पाहे."

गुरुजींनी संपतकडे पाहिलं. तो बाजूला सरकला.

नीरजानं चपला काढल्या आणि ओल्या दगडावर बसली. दर्भाला वजन असं नव्हतंच. त्याची टोकं भाताला टेकली. काहीतरी म्हणायला हवं होतं. इतक्या महिन्यांत तिनं त्याला स्वतःच्या आवाजात कधी हाक मारली नव्हती.

"शंभू," ती म्हणाली.