ओढ्याकाठचा पोयटा

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले तेव्हा द्वारका बाहेर बाकावर बसून माशांची काचेची पेटी बघत होती. डॉक्टर म्हणाले, पोटातली गाठ लिव्हरपर्यंत गेली आहे, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन महिने, फार तर तीन. तिला सांगायचे का, असे मी विचारले. ते तुम्ही ठरवा, म्हणाले.

मी बाहेर आलो. ती पेटीवरची नजर न काढता म्हणाली, "झाडं खरी हायेत, पण पिवळी पडलीत. नुसत्या गोट्यात झाड कसं जगंल? खाली माती पायजे." मग विचारले, "काय म्हणले डॉक्टर?"

"गोळ्या बदलल्यात," मी म्हणालो.

घरी येताना रिक्षात ती त्या झाडांबद्दलच बोलत होती. बजाजनगरच्या दोन खोल्यांत आम्ही तीस वर्षे काढली. मूलबाळ नाही, दोघेच. मी वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर होतो. ती शेतकऱ्याची मुलगी, आणि आमच्या दारात माती तुळशीच्या कुंडीपुरती. तिने कधी काही मागितले नव्हते. त्या दिवशी म्हणाली, आपण अशी एक पेटी आणू, झाडं मी लावते.

दुसऱ्याच दिवशी मी पुंडलिकनगरच्या दुकानातून पेटी आणली. दुकानदाराने तळाला टाकायला निळ्या खड्यांची पिशवी दिली. ती म्हणाली, "निळं वावर कुठं बघितलं तुम्ही?" आणि खडे तुळशीच्या कुंडीत ओतून टाकले.

मग तिने आडूळकडे राहणाऱ्या भावाला, रामकिसनला, फोन केला. काळी माती आणू नको, ती फुगते. ओढ्याकाठचा पोयटा आण, पाण्याने आणलेला मऊ गाळ, वरवरचा. रामकिसन एसटीने गोणी घेऊन आला. चहा पिताना म्हणाला, "लोकांच्या बहिणी माहेरहून लुगडं नेतेत, आमची बाई माती मागती."

"लुगडं फाटतं रं," ती म्हणाली.

तिचा हिशोब ठरलेला होता. माती पाण्यात भिजवायची, वर तरंगणारा काडीकचरा काढायचा, गच्चीवर उन्हात वाळवायची. पुन्हा भिजवायची. असे चार वेळा. मग चाळायची. तीन आठवडे लागतील, म्हणाली. तशीच टाकली तर पाण्याखाली सडते. मी मान हलवली. माझ्या डोक्यात आठच आठवडे होते. त्यातले तीन मातीला दिले, तर झाडांना मूळ धरायला किती उरतात, हे मला तिला सांगता येत नव्हते.

एका दुपारी ती गोळी घेऊन झोपली. मी गोणीतली माती तशीच पेटीत टाकली. झाडे लवकर वाढावीत म्हणून तिच्यात दोन ओंजळी शेणखत मिसळले. शेजारी बांधकाम चालू होते, तिथली वाळू न धुता वर पसरली आणि बादलीने पाणी ओतले. वाळू फाटली, माती वर आली. पाणी चहासारखे झाले. काड्या आणि शेणाचे तुकडे तरंगायला लागले. मी हाताने काड्या वेचत होतो तेव्हा ती भिंत धरून दारात आली.

तिने पेटीकडे बघितले, मग माझ्याकडे. मला वाटले चिडेल.

"तुम्ही तर कधी घाई करीत नसता," ती म्हणाली. "लग्नाला सुदिक उशिरा आलतात." भिंत सोडून आत आली. "डॉक्टरनं किती दिवस सांगितलेत?"

मी हातातल्या काड्या बादलीत टाकल्या. दोन महिने, म्हणालो. त्यातले अकरा दिवस गेले होते.

ती खुर्चीवर बसली. बाहेर वाळू चाळल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मग म्हणाली, "मग तर नीटच करायचं. उपसा ते."

रामकिसन दुसरी गोणी घेऊन आला. या वेळी ती त्यानेच गच्चीवर नेऊन ठेवली. एप्रिलचे ऊन होते, माती दोन दिवसांत वाळायची. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर सावलीत बसायची आणि मी माती खालीवर करायचो. ढेकूळ दिसले की बोटाने दाखवायची. चौथ्या वेळेला तिला जिना चढवेना. मी मूठभर माती खाली नेऊन दाखवली. तिने ती चोळली, वास घेतला आणि झाली म्हणाली.

वाळू मी मोरीत धुतली. तिने प्रत्येक बादलीत हात घालून पाहिला. पाण्यातून बोटे स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा धुवा म्हणायची. नऊ पाणी लागले.

मग तिने पेटी भरली. मी माती द्यायचो, ती पसरायची. बोटाच्या दोन पेरांएवढा मातीचा थर. त्यावर वाळू, पुढे कमी, मागे जास्त. मध्ये दोनदा थांबून पडली. शेवटी स्वयंपाकघरातून स्टीलची ताटली आणायला सांगितली. लग्नात रामकिसनने दिलेली, तिच्यावर द्वारकेचे नाव कोरलेले आहे. ती तिने वाळूवर ठेवली. पाण्याची धार ताटलीवर सोडायची, म्हणजे वाळू फाटत नाही.

"पाणी उद्या सकाळी भरू," म्हणाली. "झाडं ताजी आणा."

सकाळी तिला दवाखान्यात न्यावे लागले. सहाव्या दिवशी ती गेली.

त्याला आता चौदा महिने झाले. रामकिसन आला की विचारतो, दाजी, पेटी कोणाला देऊन टाकू का. मी नको म्हणतो. वाळू कोरडी आहे, मागे उंच, पुढे उतरती. मध्ये ताटली आहे. पाणी भरायचे राहिले आहे.