कारभारीचे दोन मार्क

"सर, हे चूक न्हाई. माझे दोन मार्क द्या," म्हणत आकांक्षाने उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि एका उत्तरावर बोट रोवून उभी राहिली.

आठवीतली एवढीशी पोर, पण बोट काही हलेना. राधेश्याम सरांनी चष्मा चढवला. प्रश्न त्यांचाच, तीस वर्षं विचारत आलेला : 'इ.स. ५०० ते १००० या काळात जगाची प्रगती थांबली होती. चूक की बरोबर ते सकारण लिहा.' त्यांचं ठरलेलं उत्तर, 'बरोबर'. कारण रोम कोसळलं आणि विद्या मागे पडली. सरांच्या नोट्स धावड्यापासून भोकरदनपर्यंत झेरॉक्स होऊन जायच्या, आणि त्यांत या ओळीखाली दोन रेघा होत्या!

आकांक्षाने लिहिलं होतं, 'चूक. याच काळात वेरूळचं कैलास लेणं कोरलं. प्रगती थांबली असेल तर युरोपात. युरोप म्हणजे सगळं जग नाही.'

"अगं, नोट्समध्ये काय दिलंय?"

"नोट्समधी काही बी असू द्या. सहलीला गेल्तो तवा तुम्हीच सांगितलं, आठवं शतक म्हणून. डोंगर वरून खाली कोरत आणला म्हणले. सगळं थांबलं व्हतं तर मंग ते कोणी केलं?"

वर्गात खसखस पिकली. सरांना आधी राग आला, मग हसू आलं. खरंच की! दरवर्षी वेरूळला हेच सर तोंड भरून कौतुक सांगायचे, आणि वर्गात आले की रोमबरोबर अख्खं जग आडवं पाडायचे. त्यांनी मुकाट्याने दोन मार्क दिले.

पण हसता हसता त्यांना जुना विद्यार्थी कारभारी आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी याच प्रश्नावर तोही असाच अडून बसला होता. "लई शहाणा झालास का?" म्हणून सरांनी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं.

शाळा सुटल्यावर सर तडक कारभारीच्या दुकानी गेले. तो विहिरीवरची मोटार खोलून बसला होता.

"या सर! मोटार जळाली का?"

"न्हाई रे. आठवीतले तुझे दोन मार्क राहिल्ते, ते द्यायला आलो. वेरूळवाले. तू बराबर होतास. चुकलो मी."

कारभारी टकामका बघत राहिला. मग म्हणाला, "मंग मी पास झालो का?"

"न्हाई. गणितात नऊ होते तुला."

दोघंही पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर कारभारीने पाना खाली ठेवला.

"त्या दिवशी बाहेर उभं राहून वाटलं सर, आपल्याला डोकंच न्हाई. मंग परत कधी कोणाला काही इचारलंच न्हाई बघा."

सरांना मान वर करवेना. "आता इचार," ते कसंबसं म्हणाले.

कारभारीने बराच वेळ डोकं खाजवलं. फडक्याला हात पुसले आणि चक्क उठून उभा राहिला. चाळिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप!

"सर, तवा तिकडं चीनमधी काय चालू व्हतं?"

तीस वर्षं ज्यांचं उत्तर कधी अडलं नव्हतं, त्या राधेश्याम सरांनी चष्मा काढून पुसला.

"माहीत न्हाई रे मला. वाचतो आणि उद्या येऊन सांगतो."

कारभारी अजून उभाच होता. सरांच्या ते जरा उशिरा ध्यानात आलं.

"बस, कारभारी," ते म्हणाले. "खाली बस."