सत्तेचाळीस नंबर गिळलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेमचा डबा आहे. माझ्या एका बाजूला तडा आहे, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा डाग आहे आणि उजवं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण मला भंगार म्हणाल तर याद राखा. मी आजवर शेकडो लाथा, एका उंदराचा भरला संसार आणि बाबारावांचा कपभर चहा पोटात पचवलेला आहे.

माझा जन्म नागपुरात एका सुताराच्या दुकानात झाला. तो लग्नाची कपाटं करायचा, म्हणून माझ्या माथ्यावर अजूनही लाकडी मोर आहे. माझ्या पोटात खेळ एकच, टपालाच्या विमानाचा. ढगांतून विमान न्यायचं, गावोगाव थैल्या टाकायच्या. चौथ्या टप्प्याला लोखंडी गरुड आडवा येतो. एका रुपयात तीन जीव. तिन्ही गेले की खेळ खलास. रडा, हात जोडा, चौथा जीव मी कुणाच्या बापाला दिलेला नाही.

पांढरकवड्याच्या वामनरावांनी मला घेतलं आणि मारेगावच्या बाहेर, एका जिनिंगच्या फाटकासमोर, विमलताईंच्या चहाच्या टपरीत उभं केलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. कापूस घरात ठेवावा तर भाव पडायचा, बाहेर काढावा तर खरेदी बंद असायची. बैलबंड्यांची रांग दीड-दोन मैल लागायची आणि माणसं तीन-तीन दिवस रस्त्यावर बसून असायची. त्या माणसांना मी दोन घटका आभाळात फिरवून आणायचो. गर्दी इतकी, की सोडलेले बैलसुद्धा माना वर करून बघायचे. एका बांड्या बैलाला तर तिसऱ्या टप्प्यात डावीकडे वळायचं असतं हे पाठ झालं होतं. खेळणारा उजवीकडे गेला की तो फुरफुरायचा. खोटं वाटत असेल तर त्या बैलाला विचारा.

रांगेचा नियम साधा होता. आल्याबरोबर नंबरचं पितळी टोकन मिळायचं. नंबर पुकारला की ते फाटकावरच्या बाबारावांच्या पेटीत जमा करायचं, मग बंडी वजनकाट्यावर. टोकन हरवलं की माणूस पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि ते टोकन होतं हुबेहूब तेव्हाच्या रुपयाएवढं!

जवळच्या तांड्यावरच्या देवीलालचा एका साली पाय मोडला होता. त्याची मुलगी बबिता म्हणाली, बंडी मी नेते. "पोरीच्या हातानं कापूस काट्यावर चढत नसते," देवीलाल खाटेवरून म्हणाला. "चढवला तं पुढच्या सालापासून कासरा माह्या हातात," ती म्हणाली. बापानं हो म्हटलं, कारण ती रिकाम्या हातानं परत येणार याची त्याला खात्री होती.

तिचा नंबर सत्तेचाळीस. रांगेतला तिसरा दिवस. आत जागा नाही म्हणून उद्यापासून आठ दिवस खरेदी बंद, अशी पाटी लागली होती. बैलांचा कडबा संपत आला होता. पण पंचेचाळीस नंबर आत गेला होता, म्हणून बबिता निवांत होती. तीन दिवस ती माझ्याकडे बघत होती आणि सगळे गडी गरुडाकडून मार खात होते. तिला राहवेना.

"काका, गरुडाच्या समोरून कायले जाता? त्याची चोच समोर हाय. मागून जा ना," ती पूनमसिंगला म्हणाली. हा तिच्या मागचा, अठ्ठेचाळीस नंबरवाला.

"लय शहाणी! खेळून दाखव मंग."

तिनं पदराची गाठ सोडली आणि डोळे पडद्यावरच ठेवून हाती आलं ते माझ्या तोंडात टाकलं. चव पितळी लागली. पण आकार बरोबर होता, मी गिळलं. आणि मित्रांनो, पोरगी काय खेळली! पहिल्याच जिवात तिनं गरुडाची शेपटी गाठली. मला घाम फुटला. तेवढ्यात फाटकावरून आवाज आला, "शेहेचाळीस!"

आता पुढचा आपला, म्हणून तिनं गाठ चाचपली. गाठीत रुपया होता.

"काका," ती पुटपुटली, "रुपया तं इथंच हाय."

विमान कोसळलं. मागोमाग दुसरंही गेलं, तिसरंही. तिन्ही जीव मी घेतले. नियम म्हणजे नियम.

माझ्या गल्ल्याची किल्ली वामनरावांकडे, आणि ते यायचे शनिवारी. तो मंगळवार होता. पूनमसिंग माझा गल्ला फोडायला लोखंडी सब्बल घेऊन आला. विमलताई मला पाठीशी घालून उभ्या राहिल्या. "माह्या टपरीत दुसऱ्याची वस्तू फोडायची नाही, सांगून ठेवते!"

"मंग पोरीनं काय करावं?"

"उचला याले," बबिता म्हणाली. "टोकन फाटकावर जमा करा लागते ना? डब्यासकट करते."

पाच जणांनी मला उचलून तिच्या बंडीत कापसावर बसवलं. असं मऊ सिंहासन मला पुन्हा कधी मिळालं नाही. बंडी फाटकाशी आली.

"हे काय?" बाबाराव ओरडले.

"सत्तेचाळीस नंबर."

"टोकन कुठं हाय?"

"याच्या पोटात."

बाबारावांनी कान लावला. तिनं मला हलवलं. मी जेवढं वाजता येईल तेवढं वाजलो.

"आवाजावर नंबर लिहेल नसते, बाई. सरक बाजूले. अठ्ठेचाळीस!"

पूनमसिंग आपल्या बंडीच्या जुवावर बसला. "सत्तेचाळीस गेल्याबिगर अठ्ठेचाळीस जात नाही."

"बरं. एकोणपन्नास!"

एकोणपन्नासनं तंबाखूची चंची काढली. "आमी कसे मधात घुसू, साहेब?"

पन्नासला अचानक झोप लागली. एक्कावन्न बैलाचं शिंग पुसत बसला. उद्यापासून खरेदी बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी एक चाक हललं नाही. बाबारावांनी नव्वदपर्यंत पुकारल्याचं मला आठवतं. साठपर्यंतही असेल. माझ्या मोजणीवर जाऊ नका. शेवटी त्यांचा घसा बसला.

"घे माय, घे बंडी आत. पन हा डबा उतरव."

"उतरवते. तुमच्या पेटीजवळच ठेवा. टोकन जमा झालं पाह्यजे."

असा मी टोकन म्हणून जमा झालो. कापूस काट्यावर चढला. बाबारावांनी "चालू हाय का पाहू" म्हणत मला वीज जोडली आणि शनिवारपर्यंत ते माझ्यासमोरून उठले नाहीत. चहा सांडला तो तेव्हाच. शनिवारी गल्ला उघडला, सत्तेचाळीस नंबर बाहेर आला. पुढच्या साली बंडी आली तेव्हा कासरा बबिताच्या हातात होता, आणि देवीलाल मागे कापसावर बसून "हळू हाक, हळू हाक" करत होता.

मग दिवस फिरले. जिनिंग बंद पडलं. रुपया लहान झाला, माझ्या पोटातून घरंगळून बाहेर पडू लागला. मोबाईल आले. वामनरावांनी मला उकंडा नावाच्या भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. आठवडी बाजारात बबितानं मला मोरावरून ओळखलं, वखराची झिजलेली लोखंडी पास उकंडाला दिली आणि मला घरी आणलं.

आता ती मोबाईलवर नवे खेळ खेळते आणि माझ्यापुढे बसून निकाल देते. "हा शेतीचा गेम पाह्य. पेरलं का दोन मिनिटात कापूस! ना अळी, ना रांग. बनवणाऱ्याले तीन दिवस बंडीवर बसवा लागते." बंदुकांच्या खेळाबद्दल म्हणते, "चित्र झकास, पन शंभर जण उतरते अन् शेजारचा कोन हाय तेच समजत नाही." मोटारींचा खेळ तिला पटला आहे. चिखलात चाक घसरतं, म्हणजे खेळ खरा. मलाही तो पटला, नवा असला तरी. पण हरल्यावर जाहिरात दाखवून पुन्हा जिवंत करणारे खेळ? मी असली भीक वाटत नाही. हरू देणं हाही खेळणाऱ्याचा मान आहे.

जिनिंग बंद झालं तेव्हा बाबारावांनी ते टोकन तिला आणून दिलं. आज माझ्या तोंडात बसतं असं नाणं तेवढंच. ती टाकते, मी गिळतो, ती मागची फळी उघडून काढते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, उंदीर हाकला, तारा तपासा. पण कीव करू नका. आम्हाला वापरा. आमच्याशी झुंजा.

उकंडा दर दिवाळीला येतो. "ताई, आता तरी देऊन टाक." बबिता त्याच्या हातावर टोकन ठेवते. "गरुड पाडून दाखव, अन् घेऊन जा." या दिवाळीला तो चौथ्या टप्प्यापर्यंत पोचला. समोरून गेला. तिन्ही जीव संपल्यावर माझ्या पडद्यावर हात ठेवून म्हणाला, "एक जीव दे ना, बापा."

मी पडदा काळा केला.