हेडने झालेला गोल

आमच्या जुन्या मैदानात फार तर पंधरा हजार माणसं मावायची, तीसुद्धा एकमेकांच्या मांडीवर बसली तर. पण त्या वर्षीची फुटबॉलची फायनल स्वतः पाहिली असं सांगणारे लोक गोळा केले, तर निम्मं शहर भरेल. लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही विषय निघू द्या, समोरचा छाती पुढे काढून सांगणार, "मी होतो!" त्यातले काही जण तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

या थापाड्यांचा बंदोबस्त करायचं काम अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपणहून अंगावर घेतलं होतं. अण्णा शिंपी. पुढे दुकान, मागे घर. रविवारी दुपारी मशीन झाकलं, की कापड बेतायच्या मोठ्या टेबलाभोवती अण्णा, सुतारकाका आणि भोंगाकाका बसायचे आणि ती मॅच पुन्हा पहिल्यापासून खेळायचे. भोंगाकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. स्टँडमधून त्यांनी आरोळी ठोकली, की रेफ्रीसुद्धा दचकायचा, म्हणून भोंगा. बाहेरचा कोणी "मी होतो" म्हणाला, की अण्णा त्याची परीक्षा घ्यायचे. प्रश्न तीन, आणि सगळ्यांना तेच. नापास झालेल्याची अशी टर उडायची, की बिचारा पुढचे कपडे दुसऱ्या शिंप्याकडे टाकायचा.

मी मात्र खरोखर होते. आठ वर्षांची, अण्णांच्या खांद्यावर. तिथला आवाज मला अजून आठवतो. तो कानांत शिरायच्या आधी अण्णांच्या खांद्यांतून माझ्या पायांत यायचा. सिगारेटींचा धूर, घामाचे शर्ट, पुढच्या माणसाच्या टकलावर कोणीतरी वाजवलेला ताल, आणि तो माणूसही खुशीत. पहिल्या हाफमध्ये चेंडू फुटला. दुसरा चेंडू कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो माणूसच सापडेना. तेव्हा आमचे खेळाडू चेंडूशिवायच खेळायला लागले. हवेतच पास, हवेतच किक. आमच्या सेंटर हाफने हवेतच शॉट मारला, त्यांच्या गोलकीपरने हवेतच सूर मारला, आणि पंधरा हजार माणसं त्या नसलेल्या गोलवर वेड्यासारखी नाचली. हे सगळं मी पाहिलं.

पण ज्या गोलने आम्ही जिंकलो, तो मी पाहिला नाही. अण्णांनीही पाहिला नाही. एक-एक अशी बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. "आता बरोबरीतच सुटणार, पुन्हा खेळवतील," अण्णा म्हणाले. आधीच्या मॅचला सुटताना दारात चेंगराचेंगरी झाली होती, आणि आज त्यांच्या खांद्यावर मी होते. म्हणून आम्ही लवकर निघालो. बसथांब्यापाशी पोचतोय तोच मागून जी आरोळी उठली, तिने थांब्याचा पत्रा थरथरला. अण्णा जागच्या जागी उभे राहिले. बस आली आणि गेली. मी त्यांच्या खांद्यावर असल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, कॉर्नरवर आमच्या फॉरवर्डने हेड मारून गोल केला. संध्याकाळी सुतारकाका आले. ते आणि भोंगाकाका मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होते, धुळीत त्यांना फक्त जाळं हललेलं दिसलं होतं. "तुम्ही तर त्याच गोलच्या मागे होता. कसा झाला हो?" त्यांनी विचारलं. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हेड! असा हेड पुन्हा होणे नाही." मी मान डोलावली. माझ्यापायी त्यांचा गोल हुकला होता, तेवढं तरी मी त्यांच्यासाठी करायला नको का? त्यानंतर आम्ही दोघं त्याविषयी एक अक्षर बोललो नाही.

लग्न होऊन सासरी आले, तर तिथेही तीच मॅच. माझे सासरे, त्यांना मीही बाबाच म्हणते, पाणीपुरवठ्यात होते, व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. मितभाषी म्हणजे किती, तर चहात साखर नसली तरी सांगणार नाहीत. सासूबाई फार लवकर गेल्या, माझ्या नवऱ्याला बाबांनी एकट्याने वाढवलं. शाळेत बाकीची मुलं आपापल्या वडिलांच्या गाड्या आणि हुद्दे सांगायची, तेव्हा माझा नवरा सांगायचा, "आमचे बाबा फायनलला होते." एवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, पण ती कोणाच्याच वडिलांकडे नव्हती.

परवाच्या रविवारी अण्णांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. सकाळी मी बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होते. बाबा खुशीत होते, आपणहून बोलायला लागले.

"सूनबाई, तूही होतीस ना गं त्या मॅचला? मग तू पाहिलंच असशील. काय गंमत झाली होती! फॉरवर्ड उडाला, त्याचा हेड साफ हुकला, आणि चेंडू त्यांच्याच बॅकच्या खांद्यावर आपटून आत! लोक फॉरवर्डला उचलून घेतायत आणि तो विचारतोय, 'झालं काय?' आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बघतो, तर म्हणे हेड! तो बातमीदारही लवकर घरी पळाला असणार." ते स्वतःशीच हसले.

"हो ना," मी म्हणाले आणि कॉलरवर इस्त्री जरा जास्तच दाबली.

या माणसाने तो गोल खरंच पाहिला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबा, तिकडे मॅचचा विषय नको. पण मी मनाची समजूत घातली, की बाबा चारचौघांत कुठे बोलतात?

जेवणं झाली. बेतायच्या टेबलावरून ताटं उचलली आणि भोंगाकाकांनी मॅच सुरू केली. अण्णा रंगात आले. हेडची वेळ आली तेव्हा ते उठून उभे राहिले. उडी मारायचं वय राहिलं नाही, म्हणून टाचा उचलल्या आणि मान झटकली. "खट्! आणि चेंडू जाळ्यात!"

बाबांनी अण्णांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याचा पेला उचलून सावकाश पाणी प्यायले. व्याह्यांच्या घरी जेवून व्याह्यांनाच खोटं पाडायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. तिथेच निभावलं असतं. पण माझ्या नवऱ्याला राहवलं नाही.

"अण्णा, आमचे बाबापण होते त्या मॅचला!"

"आलं गिऱ्हाईक!" भोंगाकाकांनी टेबलावर थाप मारली.

"अण्णा, राहू द्या ना," मी म्हणाले.

"अगं, गंमत असते. व्याहीबुवा, राग मानू नका, पण नियम म्हणजे नियम." अण्णांनी गळ्यातली टेप सारखी केली. "पहिला प्रश्न. चेंडू नसताना गोल कोणी मारला?"

"चेंडू नसताना?" बाबांनी विचारलं.

टेबलाभोवती हशा पिकला.

"बरं, दुसरा. हाफ टाइमला बँडवाल्यांचं काय झालं?"

बाबा टेबलावरच्या खडूच्या रेघेवरून बोट फिरवत होते. "नाही आठवत."

"तिसरा तर अगदी सोपा. आपला पहिला गोल कोणत्या बाजूला झाला?"

"नाही सांगता येणार."

"भोपळा!" भोंगाकाका ओरडले. "तिन्हीत भोपळा!"

नवरा हसत होता, म्हणजे त्याचे नुसते ओठ हसत होते. "बाबा, सांगा ना. होतात ना तुम्ही?"

"होतो रे. शेवटी शेवटी होतो." बाबा त्याच्याकडे न बघता बोलत होते. "तिकीट मिळालं नव्हतं. सगळा वेळ दाराबाहेर उभा होतो. मग लवकर निघणारे लोक, कोणी लेकरं घेऊन, कोणी म्हातारे, बाहेर पडायला लागले. त्यांच्यासाठी दार उघडलं, तसे आम्ही काही जण आत घुसलो. तेवढंच काय ते पाहिलं. तुला दिवसभर शेजारी ठेवून गेलो होतो, रिकाम्या हाताने कसा परत येणार? म्हणून सगळी मॅच पाहिली असं सांगितलं. ते चुकलंच माझं."

सुतारकाका हसायचे थांबले. मला वाटलं, अण्णाही थांबतील. 'लेकरं घेऊन' हे शब्द त्यांनी ऐकले होते, टेपवरचा त्यांचा हात थबकलेला मी पाहिला. पण चोराच्या मनात चांदणं. त्यांनी आवाज आणखीनच चढवला.

"म्हणजे फुकटे आत आणि पळपुटे बाहेर! वा! अहो, अशी मॅच अर्धवट सोडून जातं तरी कोण? असल्यांना मैदानात पाय ठेवू देऊ नये!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने माझ्या हाडांची काळजी करून मॅच सोडली, त्याला माझे वडील माझ्यासमोर पळपुटा म्हणत होते. आणि ज्या माणसाने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं, तो पाहुणा खाली मान घालून बसला होता.

"पण गोल तर पाहिलात ना, बाबा?" नवरा हट्टालाच पेटला. "तो कसा झाला, तेवढं सांगा. तेवढं तरी बरोबर येऊ दे."

मुलगा इतक्या आशेने बघत होता, की बाबांना गप्प बसता आलं नाही. "त्यांच्या बॅकच्या खांद्याला लागून गेला," ते हळूच म्हणाले.

भोंगाकाका खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. "खांद्याला! उद्या म्हणाल, रेफ्रीच्या शिट्टीला लागून गेला!"

नवऱ्याचा चेहरा उतरला. मग तो माझ्याकडे वळला. "तू होतीस ना अण्णांच्या खांद्यावर. सगळ्यांत उंच तूच होतीस. तू सांग. हेड की खांदा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, फक्त अण्णा सोडून. अण्णांनी कात्री उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. दोन मित्र आणि ही एक मॅच, यापलीकडे म्हातारपणी त्यांच्याजवळ होतं तरी काय? बाबा मात्र माझ्याकडे निवांत बघत होते. सकाळी मी त्यांना 'हो ना' म्हटलं होतं. आपली सून आता खरं काय ते सांगेल, अशी त्यांची खात्री होती.

"हेड," मी म्हणाले.

"बरोबर आहे," बाबा लगेच म्हणाले. "पेपरातही तसंच आलं होतं."

बाकीच्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. भोंगाकाका तर म्हणाले, "हे बघा, कबूल करतात, मोठं मन आहे!" पण अण्णांनी झटकन वर पाहिलं, बाबांकडे, मग माझ्याकडे, आणि कात्री हातात तशीच राहिली. पुढे हाफ टाइमचा विषय निघाला, तेव्हा ते टेबलावरच्या खडूच्या रेघा पुसत बसले. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आले आणि बाबांना म्हणाले, "व्याहीबुवा, या पुन्हा." बाबांनी हसून हात जोडले. मला अण्णांकडे बघवलं नाही.

परत येताना नवरा पुढे चालत होता. एरवी बापलेक खांद्याला खांदा लावून चालायचे, मलाच मागून हाका माराव्या लागायच्या. आज तो एकदाही मागे वळला नाही. बाबा नेहमीच्याच चालीने चालले होते, अंतर वाढत गेलं तरी त्यांनी भराभर पावलं उचलली नाहीत.

"बाबा," मी त्यांना गाठून म्हणाले, "मी खोटं बोलले. आम्ही तेव्हा बसथांब्यावर होतो. अण्णांनी गोल पाहिलाच नाही. मी आत्ता पळत जाते आणि ह्याला सगळं सांगते."

"मला कळलं ते," बाबा म्हणाले. "नको सांगूस."

"पण तो तुमच्याशी बोलत नाहीये."

"बोलेल चार दिवसांनी. अगं, एका दिवसात एकच बाप पडलेला पुरे. दोन्ही घरचे कशाला पाडायचे?"

मी भांडायला हवं होतं. हात सोडवून पळत जायला हवं होतं, आणि माझा हात तर कोणी धरलाही नव्हता. पण मला हायसं वाटलं. खरंच सांगते, छातीवरचा दगड उतरावा तसं वाटलं. बाबांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. कारण त्यांनी पटकन मान वळवली आणि रस्त्यापलीकडच्या बंद दुकानांच्या पाट्या वाचत चालायला लागले, मला लाज वाटू नये म्हणून.