कोरडी चाचणी

दादाला कंपनीत चिकटवला तो धाकट्यानेच, आणि कंपनीतून घालवला तोही धाकट्यानेच. पहिली गोष्ट तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. दुसरी त्याने तीन वर्षांत कुणापाशी काढली नाही, बायकोपाशीसुद्धा नाही.

कंपनी फ्युएल सेल बनवायची. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, मध्ये एक पातळ पडदा. वीज तयार होते, आणि धुराऐवजी पाणी निघतं. ऐकायला गोड आहे. पण त्या पडद्याचे नखरे रुसक्या जावयासारखे. ओला राहिला तर काम करणार, सुकला की तोंड फिरवून बसणार. म्हणून दोन्ही गॅस आधी गरम पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत न्यायचे, दमट करायचे आणि मग सेलमध्ये सोडायचे. सेल तळहातावर मावेल एवढा आणि त्याला पाणी पाजणारं लटांबर कपाटाएवढं. ही बाटली एकदाची गेली पाहिजे, असं प्रत्येक मिटिंगमध्ये प्रत्येक शहाणा म्हणायचा. म्हणायचा आणि बिस्किटं खाऊन उठायचा.

दादा शहाण्यांपैकी नव्हता. तो गाड्या रंगवणारा. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि हातात स्प्रे गन घेतली. त्या गनच्या जिवावर धाकटा इंजिनिअर झाला. पुढे धाकटा या कंपनीत चाचणी विभागात लागला. तिथे पडद्यावर काळी शाई फवारायचं काम अडलं होतं. शाईत प्लॅटिनम चढवलेली कोळशाची भुकटी, महागडा माल, आणि मशीन ती कुठे जाड बसवायचं, कुठे विरळ. धाकटा म्हणाला, माझ्या भावाला बोलावतो. दादा आला, गनचं तोंड दोनदा पुसलं, हवेचा दाब कमी केला आणि असा एकसारखा हात मारला की विभागप्रमुख मॅडम ती शाई मारलेली शीट खिडकीपाशी धरून बघतच राहिल्या. त्या दिवसापासून सगळे त्याला ‘पेंटर’ म्हणायला लागले. सहा सहा महिन्यांच्या करारावर दादा चार वर्षं राहिला.

मग एके दिवशी सकाळी तो दोन शीट घेऊन चाचणीच्या खोलीत आला.

“ही शीट बाटली न जोडता लाव,” तो म्हणाला.

“का रे?”

“शाईत पांढरी पूड घातलीये. रंगाची चमक घालवायला टाकतात ना, ती. हे बघ, पॉलिश केलेल्या बॉनेटवर पाणी थेंब होऊन पळतं. चमक घालवलेल्या रंगावर तेच पाणी पसरतं, चिकटून बसतं. म्हटलं, सेल स्वतःच पाणी बनवतोय. ते पळू कशाला द्यायचं? धरून ठेवू. गॅस शिरतो त्या तोंडाशी पूड जास्त ठेवलीये, पुढे कमी कमी. तोंडाशीच सुकतं ना ते?”

धाकट्याला ते तिथल्या तिथे पटलं. कागद-पेन्सिल लागली नाही. दहा वर्षं पुस्तकं चाळून जे आपल्याला सुचलं नाही ते याला बॉनेटवरचं पाणी बघून सुचलं, हेही कळलं. तो ‘वा दादा’ म्हणणारच होता. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून ब्लेझर बोलला. हा एक सहकारी, उन्हाळ्यातही ब्लेझर घालून यायचा.

“चला, घरची चाचणी! पेपर भावाचा, तपासणारा भाऊ. पेढे कधी देताय?”

खोलीतले चौघे हसले. फार काही वाईट हसले नाहीत. पण धाकट्याचे कान तापले. त्याने शीट सेलमध्ये बसवली, बोल्ट आवळले आणि पाण्याच्या बाटलीची नळी जोडली.

“अरे, बाटली नको म्हणतोय ना मी.”

“नियम सगळ्यांना एकच, दादा.”

हे धडधडीत खोटं होतं. शीट करणाऱ्याने सांगितलं तर बाटली बाजूला ठेवून चाचणी घ्यायची मुभा होती. छापील कागदावर तशी एक ओळच होती. ब्लेझरच्याच शीटसाठी धाकट्याने गेल्या दोन महिन्यांत दोनदा बाटली काढली होती, न कुरकुरता. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने भावाचं हक्काचं मापही कापलं, आणि वर स्वतःला प्रामाणिक समजला. असले प्रामाणिक लोक जगात पोत्याने आहेत. त्यांच्या प्रामाणिकपणाची किंमत नेहमी घरचेच मोजतात.

व्हायचं तेच झालं. पाणी धरून ठेवणाऱ्या शीटला वरून आणखी पाणी पाजलं. अकरा मिनिटांत सगळी बारीक छिद्रं तुंबली, गॅसला आत वाट राहिली नाही, आणि व्होल्टेजचा आकडा जिन्यावरून गडगडल्यासारखा खाली आला. दादा आकड्याकडे नव्हे, धाकट्याकडे बघत होता. धाकट्याने कागदावर लिहिलं: पाणी तुंबून बंद. पुढे नेण्याजोगे नाही. खाली सही.

“दुसरी शीट तरी कोरडी लाव,” दादा हळूच म्हणाला.

“बघू नंतर.”

दादाने पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं धाकटा पुढे स्वतःला बरेच दिवस समजावत राहिला. जणू भीक मागायची राहिली ही दादाचीच चूक.

दोन महिन्यांनी माणसं कमी करायची वेळ आली. मॅडमनी धाकट्याला आत बोलावलं. “पेंटरचा करार वाढवायचा का? हात चांगला आहे, पण आता मशीनही बरं चालतंय. नवीन काही करून दाखवलंय का त्याने? तुझा भाऊ आहे, तूच सांग.”

एक वाक्य पुरलं असतं. धाकटा म्हणाला, “माझं मत नको. कागद काय म्हणतो ते बघा.”

कागद काय म्हणत होता ते त्यानेच तर लिहिलं होतं.

दादा गेला. घरी येणं-जाणं हळूहळू आटलं. आधी फोन उशिरा उचलले जायला लागले, मग उचललेच जाईनात. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडणच नव्हतं.

तीन वर्षांनी एक गिऱ्हाईक आलं. त्याला बाटलीशिवाय चालणारा सेल हवा होता, नाहीतर नकोच. सगळ्यांच्या शीट एकामागून एक कोरड्या गॅसवर लावून झाल्या. एकही दुपारपर्यंत टिकेना. ब्लेझरची तर चाळीस मिनिटांत वाळून गेली. तेव्हा धाकट्याने नापास मालाचं कपाट उघडलं आणि खालच्या खणातून दादाची ती दुसरी शीट काढली. पाकिटावर दादाच्या वेड्यावाकड्या अक्षरात ‘कोरडी’ असं लिहिलेलं होतं.

दुपार झाली, आकडा हलला नाही. संध्याकाळ झाली. दुसरा दिवस उजाडला. नवव्या दिवशी मॅडम स्वतः खुर्ची ओढून समोर बसल्या.

“कुणी बनवली ही?”

“माझ्या भावाने.”

“मग इतकी वर्षं कपाटात काय करत होती?”

धाकट्याने सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं. मॅडम म्हणाल्या, “या तीन वर्षांत पाच जणांनी अशी पूड घालून बघितली. कुणाची तुंबते, कुणाची सुकते. आण त्याला. या वेळी करार नाही, कायमची नोकरी. आणि हे सगळं त्यालाही सांग, मला सांगून काय उपयोग.”

दार वहिनीने उघडलं.

“अगंबाई, भावजी! घर सापडलं का लगेच? तीन वर्षांत रस्ता काही बदलला नाही बरं का.”

“दादा आहे का, वहिनी?”

“आहेत. मागे लोखंडी कपाट रंगवतायत. जा. तुम्हाला काय, परवानगी थोडीच लागते कुणाची.”

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादा गुडघ्यावर बसून कपाटाच्या दाराला राखाडी रंग देत होता. केस कानांपाशी पांढरे झाले होते. धाकट्याने प्रस्तावना केली नाही. केली असती तर तो पळून गेला असता.

“दादा, तुझी दुसरी शीट लावली. कोरडी.”

ब्रश थांबला. “किती चालली?”

“नऊ दिवस. अजून चालू आहे.”

“तोंडाशी सुकली नाही?”

“नाही.”

“आणि शेवटाला? तिथे तुंबायची भीती होती मला. पूड जरा जास्तच गेली होती.”

“थोडं पाणी साठतं, पण निघून जातं.”

दादा हसला. दात दाखवून, मान मागे टाकून, लहानपणी पतंग कापल्यावर हसायचा तसा. त्याने डब्यावर डबा ठेवून धाकट्याला बसायला दिलं आणि एकामागून एक विचारत सुटला: तापमान किती, भार किती, रात्री बंद केलात का. अर्धा तास दोघे असे बोलले की जणू मधली तीन वर्षं कुणी कापून टाकली असावीत. धाकट्याला वाटलं, सुटलो.

“चल ना दादा,” तो म्हणाला. “मॅडमनी कायम करायचं कबूल केलंय. तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीये. आणि माझं चुकलं रे. बाटली लावायला नको होती.”

दादाने ब्रश डब्याच्या कडेला निपटला. “चुकलं असतं तर मी तेव्हाच विसरलो असतो. चुका मी कमी केल्यात का? एका माणसाची पांढरी गाडी हिरवट करून दिली होती. तुझं चुकलं नव्हतं. तुला पटलं होतं. मी सांगत होतो तेव्हा तुझं तोंड बघत होतो मी. तुला पटलं होतं, आणि तरी तू नळी जोडलीस.”

धाकटा डब्यावरचा वाळका रंग नखाने खरवडत राहिला.

“तुझ्यावर राग नाही आता. पण त्या खोलीत तू असताना माझा हात स्थिर राहणार नाही. आणि हात स्थिर नसेल तर मी तिथे काय कामाचा? नाही येत मी. तू लिहून घे. पूड थेट शाईत टाकायची नाही, गोळे होतात. आधी अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवायची. लिहितोयस ना?”

धाकटा लिहू लागला. दादा सांगत गेला: तोंडाशी शाईचे पाच हात, मग चार, मग तीन. दोन हातांच्या मध्ये शीट बोटाला थंड लागेपर्यंत थांबायचं. शेवटच्या हातात पूड अजिबात नाही. काही राखून ठेवलं नाही, काही मागितलं नाही. मधेच त्याने वही ओढून बघितली आणि ‘तीन’च्या जागी ‘चार’ झालेलं दुरुस्त करायला लावलं.

आत वहिनीने पोळपाट काढल्याचा आवाज आला. जेवून जा असं आतूनही कुणी म्हटलं नाही, बाहेरूनही नाही.

“झालं?” दादाने विचारलं.

“झालं.”

“एक राहिलं. पहिली शीट तयार झाली की चाचणी तू घेऊ नकोस. दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग.”

वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून धाकट्याने तेही लिहून घेतलं.