चेहरा झाकला, पाय उघडे

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे टाकाऊ नाही, हे आधीच सांगून ठेवते. निळा रंग उडालाय, दोन कड्या तुटल्यात, पण वाऱ्याला मी अजून जुमानत नाही.

कारखान्यात माझ्या कडा दुमडल्या, त्यात कड्या ठोकल्या आणि मी थेट ट्रकवर चढले. सिमेंट, साखर, खुर्च्या, एकदा तर नाटकवाल्यांचा अख्खा राजवाडा माझ्या पोटात होता. ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा, "ही आहे म्हणून माल कोरडा." मग एका खिळ्याने मला फाडलं आणि त्याच ड्रायव्हरने मला रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात देऊन टाकलं. गरज सरो, वैद्य मरो.

दुकान मामीचं. ती कोणाची मामी हे कोणी विचारत नाही, सगळ्यांचीच. तिने माझा फाटका तुकडा कापून हवेच्या मशीनवर घातला आणि उरलेल्या मला दुकानापुढे सावलीसाठी बांधलं. तेव्हापासून मी लांबीला जरा कमी पडते.

दुकानाच्या पुढेच एक आंधळं वळण आहे. तिथे माणसं मरतात. कोणी गेलं की मामी हातातला पाना टाकते, माझ्या दोऱ्या सोडते आणि मला त्याच्यावर घालते. तिला हे कोणी शिकवलं नाही. गर्दी जमते, सगळ्यांचे फोन वर. कोणीतरी म्हणतंच, "मामी, जरा कोपरा उचला ना." मामी म्हणते, "चेहरा बघायचाय? घरी जा, आरशात बघ."

आता त्या दुपारचं सांगते. मोटारसायकल ट्रेलरखाली गेली. माणूस जागेवरच गेला. हेल्मेट अडकलेलं, चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. मामीने मला त्याच्यावर ओढलं. डोकं झाकलं तर पाय बाहेर राहिले.

तेवढ्यात मामीचा भाचा आला. तो पेपरचा फोटोग्राफर. पोरगा वाईट नाही, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. पटापट फोटो काढले, त्यातला एक तिथूनच ऑफिसला पाठवला.

"काय पाठवलंस?" मामीने विचारलं.

"चेहरा झाकलाय मामी. आमच्या नियमात बसतं."

"आणि छापून काय होणार?"

"लोक हादरतील. वळणाबद्दल किती बातम्या लिहिल्या आम्ही, कोणी ढुंकून बघितलं? मेलेला माणूस दिसला की बघतात."

खरं सांगते, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मामी पाय झाकायला वाकली आणि तशीच थांबली.

आमच्या दुकानात एक जोडधंदा चालतो. जुना टायर कापून मामी चपलांना तळवे घालते, जाड लाल दोऱ्याने शिवून. त्या पायातल्या चपलेला तोच दोरा होता. टाचेला टाके जरा वाकडे गेलेले, कारण ती शिवताना गिऱ्हाईकाच्या गमतीवर मामी हसत होती.

"हा आपला वेल्डर आहे रे," मामी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "ही चप्पल त्याची बायको झोपेतही ओळखेल. फोन शिलाई मशीनवरच ठेवलेला असतो तिचा."

भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो छापायच्या आधी पेपरच्या फोनवर दिसणाऱ्या पानावर जाणार होता, म्हणजे थेट त्या बायकोच्याही फोनवर. त्याने ऑफिसात पानं लावणाऱ्या ताईला फोन लावला.

"ताई, तो फोटो थांबव."

"का? चेहरा कुठे दिसतोय?"

"चप्पल दिसतेय."

"चप्पल कोण ओळखतं रे?"

"ज्यांच्या दाराशी ती निघते, ते सगळे."

"दुसऱ्या पेपरवाल्यांनी टाकला तर साहेब तुझी सालटी काढतील."

"काढू देत. त्याच्या घरी अजून कोणाला माहीत नाही, ताई."

तिने पलीकडे टकटक बटणं दाबली. मग म्हणाली, "थांबवला. दुसरं काहीतरी दे."

भाच्याने आधी मामीला गाडीवर बसवून वेल्डरच्या गल्लीत सोडलं. परत येऊन तो आमच्याच दुकानाच्या पत्र्यावर चढला आणि वरून वळणाचा फोटो काढला: काळे ओरखडे, वाढलेली झुडपं, पलीकडचं काही दिसू न देणारा रस्ता. छापला, पण आतल्या पानावर, बारीकसा. पुढे झुडपं तोडली गेली. त्या फोटोमुळे की कशामुळे, ते मला माहीत नाही.

तुम्हाला वाटेल, संपलं. नाही संपलं.

काही आठवड्यांनी वेल्डरची बायको दुकानात आली. मामीने पुढे केलेल्या स्टुलावर ती बसली. भाचा तिथेच होता.

"तू काढला होतास ना फोटो? आहे अजून?"

तो गडबडला. "आहे वहिनी. पुसणार होतो, हात झाला नाही."

"दाखव."

"नका बघू."

"मला बघायचाय. मी त्याची बायको आहे."

त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला, बटण कुठलं ते सांगितलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. मामी रस्त्याकडे बघत राहिली. वेल्डरच्या बायकोने निवांत बघितलं. पडद्यावर बोट ठेवलं, त्या वाकड्या टाक्यांवर. मग कॅमेरा परत दिला.

"आता पूस," ती म्हणाली. "त्या दिवशी मामी घरी आल्या, मशीन बंद केली, माझा हात धरला आणि मग सांगितलं. हा फोनवर आधी आला असता ना, तर मी एकटीने बघितला असता."

त्याने तिच्यासमोर पुसला.

मित्रांनो, मी चार हात प्लास्टिक. माझ्याने झाकून किती झाकणार? उरलेलं तुमच्या अंगठ्यावर आहे. असा फोटो पुढे ढकलायच्या आधी एवढंच विचारा, याच्या घरी सांगायला कोणी गेलंय का? गेलं नसेल, तर फोन खिशात घाला आणि माझं एक टोक धरा.